पीएचपी : चालू पानाचे नाव पानालाच कसे विचारावे?

संकेतस्थळ तयार करण्याची विद्या आता केवळ मोठ्या शहरांतील संगणक कंपन्यांपुरती राहिलेली नाही. गावातील वाचनालय, सहकारी पतपेढी, शाळा, नाट्यमंडळ अशा लहान संस्थांची संकेतस्थळे हौशी मंडळी स्वतःच तयार करतात आणि त्यासाठी पीएचपी ही भाषा अनेकदा निवडली जाते. शिकण्यास सोपी, विनामूल्य उपलब्ध आणि जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर चालणारी अशी ही भाषा आहे. तिच्या अभ्यासात नवशिक्याला लवकरच एक साधा प्रश्न पडतो. सध्या जी फाइल चालू आहे, तिचे नाव त्या फाइलीलाच कसे कळावे?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर नीट न समजल्यामुळे काय घडते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक वाचनालयाचे लहानसे संकेतस्थळ त्याने तयार केले होते. ग्रंथसूचीच्या पानावर पुस्तक शोधण्याचा अर्ज होता आणि तो भरल्यावर माहिती त्याच पानाकडे परत जात असे. त्या पानाचे नाव अर्जात हाताने लिहून ठेवले होते. पुढे फाइलचे नाव बदलले, अर्जातले नाव मात्र जुनेच राहिले. सभासद पुस्तकाचे नाव लिहीत, कळ दाबत आणि त्यांच्यासमोर ‘पान सापडले नाही’ असा संदेश येई. ही चूक ध्यानात येण्यास कित्येक दिवस गेले. पानाने स्वतःचे नाव स्वतःच विचारून घेतले असते, तर हा प्रसंग ओढवला नसता.

वाचताना एक सूचना

या लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष लिहिताना त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात. त्यांची अचूक अक्षरे लेखाच्या शेवटी चौकटीत दिली आहेत. डॉलर, कंस, अवतरणचिन्हे ही चिन्हे मात्र येथे आहेत तशीच लिहावयाची आहेत. लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही पाळावा लागतो. पीएचपीत फंक्शनचे नाव लहान अक्षरांत लिहिले काय किंवा मोठ्या, चालून जाते. चलांची नावे आणि अॅरेतील किल्ल्या यांच्या बाबतीत ही सवलत नाही.

पडद्यामागे काय घडते?

वाचक ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो. ती मागणी सर्व्हरकडे जाते. सर्व्हर पत्त्यावरून योग्य ती फाइल शोधतो आणि ती पीएचपीच्या हवाली करतो. पीएचपी फाइलमधील आज्ञा पार पाडते आणि तयार झालेले एचटीएमएल ब्राउझरकडे परत जाते. या देवघेवीत मागणीविषयीची बरीच माहिती पीएचपीला आयती मिळते. मागणी कोणत्या पत्त्यासाठी होती, कोणती फाइल चालवली गेली, मागणी कोणत्या पद्धतीने आली, अशी ही माहिती $_सर्व्हर नावाच्या अॅरेत भरून ठेवलेली असते. हा अॅरे ‘सुपरग्लोबल’ वर्गातला आहे. म्हणजे पानात कोठेही, अगदी फंक्शनच्या आतसुद्धा, तो वेगळी घोषणा न करता वापरता येतो.

पहिली पायरी : नाव छापणे

सूची.पीएचपी नावाची फाइल तयार करा आणि तीत पुढील ओळ लिहा.

<?पीएचपी एको $_सर्व्हर['पीएचपी_सेल्फ']; ?>

ही फाइल संकेतस्थळाच्या ‘वाचनालय’ या फोल्डरमध्ये असेल, तर ब्राउझरमध्ये पुढील मजकूर दिसेल.

/वाचनालय/सूची.पीएचपी

येथे नुसते नाव आलेले नाही. संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरपासून फाइलपर्यंतचा मार्ग आला आहे. पत्त्यात पुढे प्रश्नचिन्ह आणि त्यानंतर काही माहिती असेल, उदाहरणार्थ ‘?विषय=कविता’, तर ती यात येत नाही.

दुसरी पायरी : मार्ग गाळून केवळ नाव

बहुतेक वेळा आपल्याला मार्ग नको असतो, शेवटचे नाव पुरते. त्यासाठी पीएचपीत बेसनेम हे फंक्शन आहे. दिलेल्या मार्गातील शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग ते परत करते.

एको बेसनेम($_सर्व्हर['पीएचपी_सेल्फ']);

आता केवळ ‘सूची.पीएचपी’ एवढेच छापले जाईल. शेपटीचे ‘.पीएचपी’ हेही नको असेल, तर ते दुसरा घटक म्हणून द्यावे.

एको बेसनेम($_सर्व्हर['पीएचपी_सेल्फ'], '.पीएचपी');

याचे उत्तर ‘सूची’ असे येईल. याउलट फोल्डरचा मार्गच हवा असेल, तर डिरनेम हे फंक्शन वापरावे. एकाच मार्गाचे फोल्डर, नाव, शेपटी असे सर्व भाग एकदम हवे असल्यास पाथइन्फो हे फंक्शन ते अॅरेच्या रूपाने देते.

एकाच नावाची पाच भावंडे

नवशिक्याचा खरा गोंधळ येथून पुढे सुरू होतो. पुस्तके आणि ठिकठिकाणचे नमुने पाहिले, तर कोणी पीएचपी_सेल्फ वापरतो, कोणी स्क्रिप्ट_नेम, कोणी आणखी तिसरेच. वरवर पाहता सर्वांचे उत्तर सारखेच दिसते. म्हणून एक उदाहरण घेऊन पाचांची तुलना करू. वाचकाने /वाचनालय/सूची.पीएचपी?विषय=कविता या पत्त्याची मागणी केली आहे, असे समजू.

१. पीएचपी_सेल्फ : /वाचनालय/सूची.पीएचपी. संकेतस्थळाच्या मुळापासूनचा मार्ग. फाइलच्या नावापुढे पत्त्यात जादा मार्ग जोडलेला असेल, तर तोही यात येतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे वळू.

२. स्क्रिप्ट_नेम : /वाचनालय/सूची.पीएचपी. उत्तर तेच, पण जादा मार्ग यात येत नाही.

३. स्क्रिप्ट_फाइलनेम : /होम/संकेतस्थळ/वाचनालय/सूची.पीएचपी. सर्व्हरच्या डिस्कवर ती फाइल प्रत्यक्ष जेथे आहे, तो संपूर्ण मार्ग.

४. रिक्वेस्ट_यूआरआय : /वाचनालय/सूची.पीएचपी?विषय=कविता. ब्राउझरने मागितलेला पत्ता, प्रश्नचिन्हानंतरच्या माहितीसह. यातील रोमनेतर अक्षरे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपातच राहतात. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ‘क’ हे एकच अक्षर येथे नऊ चिन्हांचे होते.

५. __फाइल__ : हा $_सर्व्हरचा भाग नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेला हा पीएचपीचा खास स्थिरांक आहे. ज्या फाइलीत तो लिहिलेला आहे, त्या फाइलीचा डिस्कवरील संपूर्ण मार्ग तो देतो.

तिसऱ्या आणि पाचव्या उत्तराबाबत एक पथ्य पाळावे. चुका शोधताना ती स्वतःपुरती छापून पाहण्यास हरकत नाही. पण सर्व्हरच्या डिस्कवरील फोल्डरांची रचना परक्या वाचकाला दाखवणे शहाणपणाचे नाही. घराचा पत्ता सांगावा. तिजोरी कोणत्या खोलीत आहे, हे सांगू नये.

‘चालू फाइल’ म्हणजे नेमकी कोणती?

वाचनालयाच्या संकेतस्थळावर मुखपृष्ठ, ग्रंथसूची, सभासदत्व आणि संपर्क अशी चार पाने आहेत. प्रत्येक पानावर तोच मेनू हवा. चार ठिकाणी तोच मजकूर लिहिण्याऐवजी मेनू.पीएचपी ही वेगळी फाइल करून इन्क्लूड या आज्ञेने ती चारही पानांत ओढून घेतली जाते.

आता मेनू.पीएचपीमध्ये __फाइल__ छापले, तर काय दिसेल? कोणतेही पान उघडा, उत्तर एकच येईल : मेनू.पीएचपीचा मार्ग. पण त्याच जागी पीएचपी_सेल्फ किंवा स्क्रिप्ट_नेम छापले, तर वाचकाने उघडलेल्या मूळ पानाचे नाव येईल. ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर __फाइल__ देते. ‘मला कोणी बोलावले’ या प्रश्नाचे उत्तर $_सर्व्हर देतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. नवशिक्यांचा तासन्‌तास वेळ खाणाऱ्या गोंधळाचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते.

म्हणून __फाइल__चा उपयोग नाव छापण्यापेक्षा शेजारची फाइल शोधण्यासाठी अधिक होतो. ‘ही फाइल जेथे आहे, त्याच फोल्डरमधील दुसरी फाइल घे’ असे सांगायचे असल्यास पूर्वी डिरनेम(__फाइल__) असे लिहीत. २००९ साली आलेल्या पीएचपी ५.३ पासून त्याच अर्थाचा __डिर__ हा स्थिरांक उपलब्ध आहे.

मेनूत चालू पान ठळक करणे

चालू पानाच्या नावाचा सर्वांत परिचित उपयोग हा होय. वाचक ज्या पानावर आहे, त्या पानाचा दुवा मेनूत निष्क्रिय दिसावा, म्हणजे आपण कोठे आहोत हे त्याला चटकन कळते. मेनू.पीएचपीमध्ये असे लिहावे.

$चालू = बेसनेम($_सर्व्हर['स्क्रिप्ट_नेम']);
इफ ($चालू == 'सूची.पीएचपी') {
  एको 'ग्रंथसूची';
} एल्स {
  एको '<ए एचरेफ="सूची.पीएचपी">ग्रंथसूची</ए>';
}

पहिल्या ओळीत चालू पानाचे नाव $चालू या चलात साठवले. ते सूचीचे असेल, तर केवळ शब्द छापला. नसेल, तर दुवा छापला. उरलेल्या तीन पानांसाठी हीच रचना पुन्हा करावी आणि सराव झाल्यावर पानांची यादी अॅरेत ठेवून फॉरईचच्या साहाय्याने हेच काम थोडक्यात करावे. जाता जाता एक गमतीची गोष्ट : $चालू हे चलाचे नाव रोमन लिपीत लिहिण्याची सक्ती नाही. पीएचपी देवनागरीतील चलनामे स्वीकारते. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवली म्हणजे झाले.

या रचनेत एक खाचखळगा आहे. ‘बालविभाग’ आणि ‘संदर्भविभाग’ अशा दोन फोल्डरांत प्रत्येकी एक इंडेक्स.पीएचपी असेल, तर बेसनेमचे उत्तर दोन्हीकडे सारखेच येईल आणि मेनू चुकीचे पान ठळक करील. अशा वेळी बेसनेम न लावता स्क्रिप्ट_नेममधील संपूर्ण मार्गाची तुलना करावी.

सावधान : हे नाव वाचकाच्या हाती आहे

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. अर्जाची माहिती त्याच पानाकडे परत पाठवण्यासाठी वर्षानुवर्षे पुढील ओळ शिकवली गेली.

<फॉर्म अॅक्शन="<?पीएचपी एको $_सर्व्हर['पीएचपी_सेल्फ']; ?>" मेथड="पोस्ट">

नाव हाताने लिहिण्याची गरज उरत नाही, फाइलचे नाव बदलले तरी अर्ज चालत राहतो. वाचनालयाची अडचण याने सुटली असती. परंतु ही ओळ आहे तशी वापरणे धोक्याचे आहे.

कारण असे. अपाचेसारखा सर्व्हर फाइलच्या नावापुढे जोडलेला जादा मार्ग सहसा खपवून घेतो. /वाचनालय/सूची.पीएचपी/अबक असा पत्ता दिला, तरी सूची.पीएचपीच चालते आणि पीएचपी_सेल्फमध्ये मात्र ‘/अबक’सह सगळा मजकूर उतरतो. म्हणजेच ज्याला आपण ‘आपल्या फाइलचे नाव’ समजत होतो, त्याचा एक भाग पत्ता लिहिणाऱ्या परक्या माणसाने ठरवला. ‘अबक’च्या जागी त्याने अवतरणचिन्ह, कोनी कंस आणि त्यापुढे जावास्क्रिप्टच्या आज्ञा लिहिल्या, तर? अवतरणचिन्हाने अॅक्शनचा मजकूर तेथेच संपतो, कोनी कंसाने फॉर्मची खूण बंद होते आणि पुढच्या आज्ञा आपल्या पानाचा भाग बनून ब्राउझरमध्ये चालू लागतात. या प्रकारच्या हल्ल्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात.

हल्लेखोर असा पत्ता स्वतः उघडत नाही. तो ई-मेलमधून सभासदांना पाठवतो. सभासद पाहतो, तर पत्ता आपल्याच वाचनालयाचा, पानही तेच. तो निर्धास्तपणे सभासद क्रमांक आणि पासवर्ड लिहितो आणि पानात शिरलेली परकी आज्ञावली ते परस्पर दुसरीकडे पाठवते. संस्थेच्या सर्व्हरवरील एकाही फाइलला हात न लावता संस्थेच्या नावाने फसवणूक होते. बेसनेम लावल्याने हा धोका टळतो, असेही समजू नये. उलट जादा मार्ग असताना बेसनेम ‘सूची.पीएचपी’ऐवजी ‘अबक’ हेच उत्तर देईल. मेनूच्या उदाहरणात स्क्रिप्ट_नेम वापरले, त्याचे कारण हेच.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही सोपे आहेत.

पहिला : छापण्यापूर्वी मजकूर एचटीएमएलस्पेशलचार्स या फंक्शनमधून गाळून घ्यावा. कोनी कंस, अवतरणचिन्हे यांचे ते निरुपद्रवी रूपांतर करते.

एको एचटीएमएलस्पेशलचार्स($_सर्व्हर['पीएचपी_सेल्फ'], ईएनटी_कोट्स, 'यूटीएफ-८');

ईएनटी_कोट्स हा दुसरा घटक आवर्जून द्यावा. २०२१ च्या पीएचपी ८.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत तो न दिल्यास एकेरी अवतरणचिन्हे तशीच राहत.

दुसरा : पीएचपी_सेल्फऐवजी स्क्रिप्ट_नेम वापरावे, म्हणजे जादा मार्गाचा प्रश्नच राहत नाही. तरीही एचटीएमएलमध्ये छापताना पहिल्या उपायाची सवय सोडू नये. बाहेरून आलेले काहीही न गाळता छापायचे नाही, हा नियम एकदा अंगवळणी पडला, की पुढील अनेक संकटे टळतात.

तिसरा : अर्ज त्याच पानाकडे पाठवायचा असल्यास फॉर्मच्या खुणेतील अॅक्शन हा भाग लिहूच नये. तो नसेल, तर ब्राउझर अर्ज सध्याच्याच पत्त्याकडे पाठवतो. नाव छापलेच नाही, तर बिघडण्याचे कारणही उरत नाही.

जुन्या आज्ञावली वाचताना

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळासाठी सुरू केलेल्या आणि १९९५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या साधनांतून पीएचपी वाढत गेली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील आणि आजच्या लेखनपद्धतीत फरक आढळतो. जुन्या नमुन्यांत नुसते $पीएचपी_सेल्फ असे लिहिलेले दिसेल. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाच्या सोयीमुळे ते चालत असे. ती सोय सुरक्षेच्या दृष्टीने घातक ठरली. डिसेंबर २००१ मधील पीएचपी ४.१ बरोबर $_सर्व्हर आला, २००२ मधील ४.२ पासून रजिस्टर ग्लोबल्स मुळातच बंद अवस्थेत येऊ लागले आणि २०१२ मधील ५.४ आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. $एचटीटीपी_सर्व्हर_व्हार्स हा $_सर्व्हरचा जुना अवतारही त्याच आवृत्तीत गेला. असे नमुने आजच्या सर्व्हरवर चालत नाहीत, हे ध्यानात ठेवून त्यांत बदल करावा.

काही विशेष प्रसंग

वर्डप्रेस, लाराव्हेल यांसारख्या रचनांत वाचकाची मागणी कोणत्याही पानाची असो, ती एकाच इंडेक्स.पीएचपीकडे वळवली जाते. तेथे फाइलचे नाव विचारले, तर प्रत्येक वेळी तेच उत्तर येणार. अशा ठिकाणी वाचक कोणत्या पानावर आहे, हे रिक्वेस्ट_यूआरआयवरून किंवा त्या रचनेने दिलेल्या स्वतंत्र सोयीने ठरवावे लागते.

पीएचपीची फाइल ब्राउझरविना, आज्ञापटलावरूनही चालवता येते. तेव्हा पत्ताच नसतो, म्हणून रिक्वेस्ट_यूआरआयही नसते. फाइलचे नाव $आर्गव्ही या अॅरेच्या शून्य क्रमांकाच्या घरात मिळते.

फाइलींना देवनागरी नावे देण्याचा मोह कोणास होईल. बेसनेम हे फंक्शन सर्व्हरच्या भाषाविषयक मांडणीवर अवलंबून असते. ती मांडणी सेटलोकेल या फंक्शनने जुळवून घेतलेली नसेल, तर बहुबाइट अक्षरांच्या नावांत घोटाळा संभवतो. पानावरील मजकूर मराठीत असावाच. फाइलीचे नाव मात्र रोमन लहान अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता लिहिणे सोयीचे.

थोडक्यात सांगायचे, तर

मेनूसाठी किंवा केवळ नाव दाखवण्यासाठी बेसनेम आणि स्क्रिप्ट_नेम ही जोडी घ्यावी. शेजारची फाइल ओढून घेण्यासाठी __डिर__ वापरावा. वाचकाने मागितलेला संपूर्ण पत्ता हवा असल्यास रिक्वेस्ट_यूआरआय पाहावे. पीएचपी_सेल्फ वापरण्यास बंदी नाही, पण त्यातील मजकूर पूर्णपणे आपला नसतो, याचे भान ठेवून तो गाळूनच छापावा.

सरावासाठी एका पानात ही पाचही उत्तरे, एचटीएमएलस्पेशलचार्समधून गाळून, एकाखाली एक छापा. तेच पान प्रथम साध्या पत्त्याने, मग प्रश्नचिन्हासह, मग नावापुढे ‘/अबक’ जोडून आणि शेवटी दुसऱ्या पानात इन्क्लूड करून उघडा. कोणते उत्तर केव्हा बदलते, हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिले, की पुन्हा पाठ करावे लागत नाही.

चौकट : टंकताना वापरावयाची रोमन अक्षरे

लहान अक्षरांत –
एको : ई-सी-एच-ओ
बेसनेम : बी-ए-एस-ई-एन-ए-एम-ई
डिरनेम : डी-आय-आर-एन-ए-एम-ई
पाथइन्फो : पी-ए-टी-एच-आय-एन-एफ-ओ
इन्क्लूड : आय-एन-सी-एल-यू-डी-ई
एचटीएमएलस्पेशलचार्स : एच-टी-एम-एल-एस-पी-ई-सी-आय-ए-एल-सी-एच-ए-आर-एस
आर्गव्ही : ए-आर-जी-व्ही

मोठ्या अक्षरांत –
सर्व्हर : एस-ई-आर-व्ही-ई-आर
पीएचपी_सेल्फ : पी-एच-पी, अंडरस्कोअर, एस-ई-एल-एफ
स्क्रिप्ट_नेम : एस-सी-आर-आय-पी-टी, अंडरस्कोअर, एन-ए-एम-ई
स्क्रिप्ट_फाइलनेम : एस-सी-आर-आय-पी-टी, अंडरस्कोअर, एफ-आय-एल-ई-एन-ए-एम-ई
रिक्वेस्ट_यूआरआय : आर-ई-क्यू-यू-ई-एस-टी, अंडरस्कोअर, यू-आर-आय
ईएनटी_कोट्स : ई-एन-टी, अंडरस्कोअर, क्यू-यू-ओ-टी-ई-एस
__फाइल__ : एफ-आय-एल-ई, दोन्ही बाजूंना दोन अंडरस्कोअर
__डिर__ : डी-आय-आर, दोन्ही बाजूंना दोन अंडरस्कोअर